जिन्यातला ठेका

परभणीहून एका मुलाचा प्रश्न आला. लग्नसराईत तो बँजो पार्टीत पॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो आणि आता ड्रमसेट शिकायला लागला आहे. तो विचारतो, "सर, माझे मामा लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या १९७१ सालच्या चौथ्या अल्बमवर आजही जीव टाकतात. मी पूर्ण ऐकला. गाणी आवडली, पण ड्रम साधेच वाटले. आताची पोरं याच्या तिप्पट वेगानं वाजवतात. मग पन्नास वर्षं उलटली तरी लोक हा अल्बम सोडत का नाहीत? आणि मला त्यातून शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?"

तुला ड्रम साधे वाटले, यात तुझा कान चुकलेला नाही. त्या अल्बममधले बरेच ठेके कागदावर लिहिले तर खरंच साधे आहेत. आठ-दहा महिन्यांचा विद्यार्थीसुद्धा ते हाताखाली आणतो. मी पंचवीसेक वर्षं छत्रपती संभाजीनगरात ड्रम शिकवतोय. त्यातला सगळ्यात हळू ठेका पोरांकडून दहा मिनिटं न हलता वाजवून घेणं मला अजूनही सगळ्यात अवघड जातं. मामांचं प्रेम कशावर आहे ते तिथंच सापडेल, म्हणून त्याच ठेक्यापासून सुरू करतो.

पण त्याआधी हलगीचं सांगायला हवं. मी तो अल्बम पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा कान हलगीवर घडलेला होता.

माझं गाव अंबाजोगाईच्या बाजूला. आमच्या घरात हलगी पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि चुलते पंचक्रोशीत नावाजलेले. एका पोळ्याला सकाळपासून झड लागली होती आणि कातडं सैल पडलं होतं. चुलत्यांनी गोठ्यात चिपाडं पेटवली आणि हलगीचं तोंड धगीवर धरून गोल गोल फिरवायला लागले. मधूनच बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायचा, परत धगीवर धरायची. पहिली टिचकी 'भद्द' वाजली. पाच मिनिटांनी तीच टिचकी 'टण्ण' वाजली आणि गोठ्यातल्या बैलांनी कान टवकारले. मग हलगी त्यांनी माझ्या हातात दिली. उजव्या हातात आखूड जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचिक काडी. मी पोरकट जोशात बडवायला लागलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "लेकरा, टोला मारला की हात काढून घे. तिला बोलू दे. तिचं बोलून झालं की मग तू बोल."

पुढं ९१-९२ साली तेव्हाच्या औरंगाबादेत शिकायला आलो. खोलीवरच्या मित्राकडं एक भरून घेतलेली कॅसेट होती. बी बाजूचं शेवटचं गाणं लागलं. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सुरुवातीला फक्त ड्रम. दोन आवर्तनं झाली आणि मी जेवता जेवता थांबलो. चुलत्यांचं वाक्य त्या ड्रमरला कुणी सांगितलं, असंच मला वाटलं. प्रत्येक टोल्यानंतर तो हात काढून घेत होता आणि ड्रम बोलत होता.

तो ड्रमर म्हणजे जॉन बॉनहॅम. जन्म ३१ मे १९४८, इंग्लंडमधल्या रेडिच गावचा. त्या ठेक्याचा आवाज कसा आला हे प्रत्येक ड्रमरला माहीत असायला हवं. हँपशर परगण्यात हेडली ग्रेंज नावाची तीन मजली दगडी इमारत आहे. १७९५ साली गोरगरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली. १९७० संपून १९७१ लागायच्या सुमाराला बँड तिथं मुक्कामाला गेला, आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची गाडी, दाराबाहेर उभी केली. ड्रमसेट दारातल्या उंच दिवाणखान्यात मांडला. तिथून जिना वर जातो, तिन्ही मजल्यांपर्यंत मधली जागा मोकळी. साउंडचं काम पाहणाऱ्या अँडी जॉन्सनं दोन माइक वर जिन्यात टांगले, बायरडायनॅमिक कंपनीचे एम १६० रिबन माइक. बस, दोनच. पायाच्या ड्रमला वेगळा माइक लावलाच नाही. आज आपल्याकडं गणपतीच्या मंडपातसुद्धा ड्रमसेटला आठ माइक लागतात.

त्या दोन माइकांचा आवाज बिन्सन नावाच्या इटालियन इको मशीनमधून नेला आणि मग लिमिटरनं चांगला दाबला. हे दाबणं नीट समजून घे. टोला पडतो तेव्हा मशीन आवाज खाली ओढतं आणि टोला ओसरला की परत वर सोडतं. त्यामुळं टोला आणि त्याच्या मागची जिन्यातली घुमी यांतलं अंतर कमी होतं. एरवी विरून गेली असती ती घुमी वर येऊन कानाशी बसते. टोल्यापाठोपाठ इकोची पडछाया पडते, आणि बॉनहॅम त्या पडछायेला वाट देत वाजवतो. मध्ये घुसत नाही. शेवटी गाणं मिक्स करताना टेपचा वेग थोडा उतरवला, त्यानं ड्रम अजून जड झाले. लय मिनिटाला सत्तरच्या आसपास. चालत्या बैलगाडीइतकी.

हे सगळं वाचून पोरं म्हणतात, म्हणजे जादू माइकची आणि जिन्याची. अर्धंच खरं आहे. आमचा क्लास गुलमंडीच्या बाजूला एका जुन्या इमारतीत भरतो. तिलाही मधे मोकळा जिना आहे. काही वर्षांपूर्वी मी चार मुलांना घेऊन तिथं हा प्रयोग केला. ड्रमसेट खाली आणि दोन माइक दोरीनं वरून सोडलेले. पहिल्या दिवशी नुसता झांजांचा कालवा आला, किक (पायाचा ड्रम) कुठं गायबच झाली. माइक दुसऱ्या मजल्यावर नेले, थोडं बरं झालं. मग लक्षात आलं, गडबड मुलाच्या हातात होती. तो हाय-हॅट (पेडलवरची झांजांची जोडी) जोरात मारत होता आणि पाय हलका ठेवत होता. स्टेजवर हे लपून जातं, कारण साउंडवाला किकचा माइक चढवतो आणि झांजांचा उतरवतो. जिन्यात चढवायला-उतरवायला काहीच नाही. प्रत्येक वाद्याला त्याच्या मापाचा जोर हातातून आणि पायातूनच द्यावा लागतो. आठवडाभर त्या मुलानं झांज हलकी आणि पाय भारी ठेवायचा सराव केला. आठव्या दिवशी वरच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून कठड्याशी येऊन उभे राहिले. तेव्हा मी मुलांना म्हणालो, आता आलं. बॉनहॅमनं त्या दिवाणखान्यात हेच केलं होतं. मिक्सिंग त्याच्या अंगात होतं.

आता लावण्याबद्दल, म्हणजे ड्रम स्वरात लावण्याबद्दल. बॉनहॅमचा लुडविग कंपनीचा पायाचा ड्रम २६ इंची. आपल्याकडं मिळतात ते बहुतेक २२ इंची. एवढा मोठा ड्रम तो ढिला ठेवत असेल असं सगळ्यांना वाटतं. तो चढा लावायचा. पुढचं पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचं आवरण, अखंड, त्याला भोक नाही, आत कापूस-उशा कोंबलेल्या नाहीत. आपल्याकडं नवा ड्रमसेट आला की पहिलं काम काय होतं? किकमध्ये उशी जाते, स्नेअरवर, म्हणजे खाली तारा लावलेल्या छोट्या ड्रमवर, चिकटपट्टी लागते. ड्रम मुका होतो, आणि मग आपण म्हणतो आवाजात दम नाही. हलगी शेकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचार, तो सांगेल की कातडं ताणल्याशिवाय आवाज लांब जात नाही. तुझ्या किकमधली उशी आधी काढ. पहिल्या दिवशी घणघण वाटेल. दोन्ही पानं हळूहळू सारखी ताणत जा, एका जागी घणघण जाऊन खणखणीत सूर येईल. ते सापडायला मला दोन वर्षं लागली, कारण सांगायला कुणी नव्हतं.

स्नेअर १४ इंची, साडेसहा इंच खोल, धातूची. एवढं पुरे, बाकी सामानाच्या याद्या पाठ करून हात सुधारत नाही.

दुसरं गाणं 'रॉक अँड रोल'. याच्या सुरुवातीला एकटे ड्रम आहेत आणि त्यात भलेभले फसतात. पहिला टोला ऐकला की आपला कान म्हणतो, ही सम. तिथून मोजत जातो आणि गिटार येते तेव्हा आपण अर्धी मात्रा इकडं नाहीतर तिकडं. खरं असं आहे की तो टोला सम नाही. तो मात्रांच्या मधून उठतो आणि सम पुढं येते. आपल्या भजनी मंडळातला पखवाजवाला तुकडा कुठूनतरी उचलतो आणि समेवर आणून ठेवतो ना, तसंच. तुझ्या गावात कुणी पखवाजी असतील तर त्यांना हा तुकडा ऐकव, ते तुझ्या आधी सम धरतील. मी एकदा पैठणला नाथषष्ठीच्या फडावर एका म्हाताऱ्या वारकरी पखवाज्याला फोनवर ऐकवला. दुसऱ्या खेपेला त्यांनी मांडीवर अचूक सम दिली आणि विचारलं, "हे कुठल्या गावचं?"

तो तुकडा बॉनहॅमनं आकाशातून आणलेला नाही. १९५७ साली लिटल रिचर्डच्या 'कीप अ-नॉकिन' या गाण्यासाठी चार्ल्स कॉनर या ड्रमरनं वाजवलेल्या सुरुवातीवरून तो आलाय. बँड दुसऱ्याच एका गाण्याशी झटत होता, ते जमेना. बॉनहॅमनं वैतागून हा जुना तुकडा काढला, बँडचा गिटारवादक जिमी पेजनं त्यावर गिटार धरली आणि गाणं उभं राहिलं. म्हणजे पूर्वजांचं वाजवलेलं त्याला मुखोद्गत होतं. जीन क्रुपा, बडी रिच, मॅक्स रोच अशा जॅझ ड्रमरांवर त्याचा पिंड पोसलेला. आपणही हेच करायचं असतं. तुझ्या बँजो पार्टीतल्या सगळ्यात जुन्या ढोलकीवाल्याचे चार तुकडे तुला येतात का?

जे जमत नव्हतं ते गाणं म्हणजे 'फोर स्टिक्स'. नावातच सगळं आहे: एकेका हातात दोन-दोन काड्या धरून वाजवलेलं. ठेका पाचाचा, मधे सहाचा. शेवटी दोन टेक झाले, आणि त्यावरच काम भागवावं लागलं. त्या गाण्याचं आपल्या मातीशी एक नातं आहे. १९७२ साली जिमी पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लँट मुंबईला आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हेच गाणं स्टुडिओत करून पाहिलं. ते ध्वनिमुद्रण २०१५ साली 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आलं. मिळवून ऐक. पाचाचा हिशेब आपल्या लोकांना नवा नव्हता. झपतालाच्या दहा मात्रांत दोन पाच बसलेलेच आहेत. तबल्याबरोबर ते गाणं वेगळ्याच अंगानं चालतं. बॉनहॅम मात्र त्यात नाही, आणि तो नसला की काय जातं हेही तिथंच कळतं.

'ब्लॅक डॉग'बद्दल थोडक्यात. त्यातली गिटार वळणं घेत ठेक्याच्या बाहेर पळते, ऐकणारा गोंधळतो. बॉनहॅम तिच्यामागं धावत नाही. आपला सरळ चौकटीचा ठेका चालू ठेवतो आणि गिटार फिरून त्याच्याच दाराशी येते. नीट ऐकलंस तर गाणं थांबून परत सुरू होताना काड्या एकमेकींवर आपटून मात्रा दिल्याचा बारीक आवाज येतो. त्या पुसल्या नाहीत, ठेवल्या. मला त्या फार आवडतात.

आणि न वाजवणं. आठ गाण्यांपैकी दोन गाण्यांत ड्रम अजिबात नाहीत. 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचं आहे, त्यातली पहिली चार मिनिटं आणि वर काही सेकंद बॉनहॅम नुसता बसून आहे. मग येतो, आणि आल्यावर गाण्याला पाय फुटतात. तुझ्या वयात मी लातूरच्या एका गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवत होतो. एका संथ गाण्यात पहिल्या ओळीपासून रोलवर रोल, म्हणजे झपाट्याचे सलग टोले, मारले. गायिका दोनदा ओळ चुकली आणि मध्यंतरात माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाली, "भाऊ, मला श्वास घ्यायला जागा द्या." तीस वर्षं झाली. मी अजून प्रत्येक नव्या मुलाला गायकाच्या श्वासापासून शिकवायला सुरुवात करतो.

आता मामांच्या प्रेमाकडं येतो. आम्ही सहा-सात जण दरवर्षी २५ सप्टेंबरला एका मित्राच्या गच्चीवर जमतो. १९८० साली त्याच तारखेला बॉनहॅम गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, दारूनं. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बाकीच्या तिघांनी सांगितलं, त्याच्याशिवाय आम्ही पुढं जाऊ शकत नाही. दुसरा ड्रमर घेऊन गाडी रेटता आली असती, रेटली नाही. चाहत्यांच्या मनात या गोष्टीला फार मोठी जागा आहे. २००७ साली लंडनमध्ये ते एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा ड्रमवर त्याचाच मुलगा जेसन बसला होता.

आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. रात्रपाळीच्या नांदेड गाडीत प्रवासी झोपले की वॉकमनवर हे ऐकायचे. एकाचं मोटर-रिवाइंडिंगचं दुकान आहे. एक प्राध्यापक. प्रत्येकाचं गाणं वेगळं, आणि दर दहा वर्षांनी बदलतं. तरुणपणी सगळ्यांना गिटार हवी असायची. चाळिशीनंतर एकेक जण ड्रमकडं आला. मला वाटतं, गिटार ऐकताना आपण तिच्याकडं पाहत असतो, पण त्या ड्रममध्ये आपल्याला बसायला जागा असते. दोन टोल्यांमधल्या त्या रिकाम्या जागेत ऐकणारा स्वतःचं काहीतरी घेऊन जातो, आणि ते वयाबरोबर बदलत जातं. गच्च भरलेलं वाजवणं पहिल्यांदा ऐकताना थक्क करतं, पण पन्नासाव्या वेळी त्यात शिरायला फट राहत नाही.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे मूळ ब्लूज गाणं आहे. १९२७ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीनं काठाचे बांध फोडून हाहाकार केला. त्यावर कॅन्सास जो मॅककॉय आणि मेंफिस मिनी या जोडप्यानं १९२९ साली ते रेकॉर्ड केलं. बांध फुटणार, राहायला जागा उरणार नाही, हे त्याचं सांगणं. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात पाण्यानं काय केलं ते तू पाहिलं आहेस. माती खरवडून गेली, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. त्या वर्षी आम्ही गच्चीवर जमलो तेव्हा वरून पाऊस चालूच होता. पत्र्याच्या शेडखाली बसून हे गाणं लावलं. कंडक्टर काकांचं शेत सीनेच्या काठी. गाणं संपलं तरी बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परत लाव." त्या रात्री ते गाणं आम्ही चार वेळा ऐकलं. त्या ठेक्याचं न थांबणं पाण्यासारखं आहे, घाई नाही आणि माघारही नाही, हे इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं.

अल्बमच्या वेष्टनावर ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला एक वाकलेला म्हातारा, एवढंच. तो कोण हे पन्नास वर्षं चाहत्यांना माहीत नव्हतं. २०२३ साली मूळ फोटो सापडला. १८९२ च्या सुमाराचा, विल्टशरमधला लॉट लाँग नावाचा छपरं शाकारणारा कारागीर. आमच्या दुकानवाल्या मित्रानं ती बातमी वाचली आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना फोन केले. स्वतःचा हरवलेला आजा सापडावा तसा त्याचा आवाज झाला होता.

आता सुरुवातीचं. हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस, त्यात पायाचा ड्रम येतच नाही. बँजो पार्टीचे स्पीकर आहेत ना, सीझन नसताना त्यावर मध्यम आवाजात लाव. पहिले आठ दिवस काड्या हातात घ्यायच्या नाहीत. शेवटचं गाणं लावायचं आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला फक्त टाळी द्यायची, पूर्ण सात मिनिटं. तुझी टाळी त्याच्या स्नेअरच्या किंचित आधी पडेल. आधी सगळ्यांची पडते. पडू दे, पण लक्ष ठेव. ज्या दिवशी ती स्नेअरखाली लपेल त्या दिवशी ड्रमवर बस. मग मेट्रोनोम, म्हणजे लय मोजणारं यंत्र, सत्तरवर, एकच ठेका, दहा मिनिटं, एकही रोल नाही. रेकॉर्ड करून ऐक आणि फक्त टोल्यांच्या मधली जागा ऐक, ती दर वेळी सारखी आहे का.

डबल पेडल घेऊ नकोस. बॉनहॅमचे ते पायाचे झपाट्याचे टोले एकाच पेडलचे आहेत. वेग आपसूक येईल, पॅड वाजवून तुझी मनगटं आधीच मोकळी आहेत. पॅडनं एकच सवय लावलेली असते, टोल्याच्या जोराकडं लक्ष न देण्याची, कारण हलक्या-भारी टोल्यातला फरक त्यावर कातड्याइतका उमटत नाही. ती मोडायला हलगीसारखं दुसरं औषध नाही. तुमच्या भागात हलगीवाले आहेत, त्यांच्याकडं महिनाभर जाऊन बस.

दिवाळीनंतर कधी इकडं आलास तर क्लासवर ये. जिना आहे, दोन माइक आहेत, दोरी आहे. आधी हलगी खाली ठेवून वाजवू आणि वर जाऊन ऐकू, मग ड्रमसेट मांडू. वरच्या मजल्यावरचे आजोबा आता स्वतःच विचारतात, पुढचा मुलगा कधी येणार म्हणून.